एकवीस सह्या आणि तासिकेवरचे सर

अन्याय झाला तो आमच्या फिजिक्सच्या तासिकेवरच्या सरांवर. जूनमधल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. त्या वेळी धाराशिवच्या आमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर नव्या वर्षाच्या तासिका शिक्षकांची यादी लागली आणि तीत त्यांचं नाव नव्हतं. वेळ मला पक्की माहीत आहे. शिपाईमामा टाचण्या टोचत होते तेव्हा मी त्यांच्या पाठीमागं उभी होते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते, कारण यादीकडं बघायची छाती होत नव्हती.

मी दोन वर्षं विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहिते. पत्रकाची रीत मला येते. पहिल्या ओळीत अन्याय कुणावर झाला ते, दुसरीत कधी झाला ते, तिसरीत कुणी केला ते. तिसऱ्या ओळीत आम्ही बहुतेक वेळा ‘मुजोर प्रशासन’ असं लिहितो. इथं तसं लिहिता येणार नाही. अन्याय मी केला. प्रशासनानं नुसता कागद फाईलला लावला.

तासिकेवरचे म्हणजे ताशी नेमलेले. जूनमध्ये यादीत नाव लागलं तर शिक्षक, नाही लागलं तर घरी. आमच्याकडं फिजिक्सची कायम जागा एकच होती. त्या जागेवरचे सर निवृत्त झाले आणि जागा तशीच रिकामी राहिली. विभागाचा पदभार प्राणीशास्त्राच्या सरांकडं गेला. माणूस वाईट नाही, पण स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे उजेडातले रंग अलग करून मोजायचं यंत्र, फुटला तर आपल्या सेवापुस्तकात नोंद होईल ह्या भीतीनं त्यांनी तो कपाटात घालून कुलूप लावलं होतं. आम्ही पहिलं वर्ष प्रॅक्टिकल न करता पास झालो. मागच्या वर्षीच्या मुलींकडून जर्नल आणायचं, रीडिंग उतरवायची, शेवटच्या पानावर सही घ्यायची. पिढ्यान्‌पिढ्या तेच आकडे. त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

दुसऱ्या वर्षाला हे सर आले. बारीक अंगाचे, पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. येरमाळ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातून यायचे. तीन दिवस आमच्याकडं, तीन दिवस कळंबच्या बाजूला दुसऱ्या कॉलेजात. पहिल्याच प्रॅक्टिकलला त्यांनी सगळ्यांची जर्नलं टेबलावर ओळीनं उघडून ठेवली.

“सोडियमच्या उजेडाची तरंगलांबी. सगळ्यांचं उत्तर पुस्तकाशी तंतोतंत जुळलंय. शाबास. म्हणजे कुणीच मोजलेली न्हाय.”

मग त्यांनी विचारलं, “चावी कुणाकडं असते?”

चावी मिळवायला त्यांना आठ दिवस लागले. त्यासाठी त्यांना ‘फुटल्यास मी जबाबदार’ असं लिहून द्यावं लागलं. सोडियमचा दिवा लावला की आधी गुलाबी दिसतो, पिवळा व्हायला दहा मिनिटं घेतो. ती दहा मिनिटं आम्ही बारा जणी-जण त्या दिव्याभोवती चुलीभोवती बसावं तसे उभे होतो. त्या दिवशी मी माझं पहिलं खरं रीडिंग घेतलं. उत्तर चुकलं. पुस्तकातल्यापेक्षा बत्तीस अँगस्ट्रॉमनं कमी. सरांनी त्याखाली लाल पेननं लिहिलं, ‘हे मोजलेलं आहे.’

वर्गात रीडिंग माझं सगळ्यांत नीट यायचं. मार्कही माझेच जास्त. हे मी इथं लिहिणार, कारण पुढं जे घडलं त्यात ह्या गोष्टीचा मला किती गर्व होता ते कळायला हवं. दुसरा नंबर माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचा. ती येरमाळ्याची. तिच्या वडिलांचं देवीच्या वाटेवर नारळ-ओटीचं दुकान. मी तेरची. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, धाराशिवला एका सरकारी कचेरीत शिपाई. ती उत्तरेकडून एसटीनं यायची, मी दुसऱ्या बाजूनं एसटीनं यायचे, आणि स्टँडवरून कॉलेजपर्यंत आम्ही एका रिक्षात.

एका सकाळी सरांनी स्पेक्ट्रोमीटर उचलून जिन्याच्या खिडकीत ठेवला. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर ऊन पडलं होतं. “फट बारीक करा, अजून बारीक. आता पिवळ्याच्या जागेवर बघा. आपल्या दिव्यात जिथं पिवळी रेघ होती तिथं उन्हात काळी दिसती का?”

मी आधी डोळा लावला. मला रंग दिसले, रेघ दिसली नाही. मी बाजूला झाले. मैत्रिणीनं डोळा लावला आणि ओरडली, “अगं माय! हाय की!”

सूर्यातलं सोडियम. येरमाळ्याच्या पोरीनं धाराशिवच्या जिन्यात उभं राहून बघितलं. नंतर मलाही दिसली ती रेघ, अगदी केसासारखी. पण तिला आधी दिसली. त्या दिवशी मी घरी जाताना सूर्याचा विचार करत नव्हते. तिनं ओरडायची काय गरज होती, ह्याचा करत होते.

फिजिक्स घेतलंय म्हटल्यावर आमच्याकडं लोक काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. तेरच्या गाडीत एका मावशींनी मला विचारलं, “काय शिकतीस बाई?” मी सांगितलं. फिजिओथेरपीच समजून त्यांनी लुगडं वर सारून गुडघा पुढं केला. “मग हे बघ की जरा, उठताना कटकट वाजतंय.” मी म्हटलं, मावशी, ते निराळं. “मग तुझं कशाचं?” मला चटकन सांगता येईना. आण्णांनाही सांगता येत नव्हतं. कचेरीत कुणी विचारलं की ते म्हणायचे, “सायन्स करायली. पुढं बीएड करील.” दुसरं काही असतं हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. बीएड, नाहीतर पोलीस भरती, नाहीतर लायब्ररीत बसून स्पर्धा परीक्षा. बीएस्सी म्हणजे आमच्याकडं स्टँडवरचा बाकडा आहे. गाडी येईपर्यंत बसायचं.

आकाशाचं, ताऱ्यांच्या संशोधनाचं काम करायचं तर वाट कुठून जाते, हे आम्हाला पहिल्यांदा सरांनी सांगितलं. एका तासाला त्यांनी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर पायऱ्या काढल्या.

“बीएस्सीनंतर देशभरातली एक प्रवेशपरीक्षा असते. ती निघाली तर एमएस्सी चांगल्या जागी. मग पीएचडी. तिला शिष्यवृत्ती मिळते, घरून मागावं लागत न्हाय. त्यानंतर दोन-दोन, तीन-तीन वर्षांची कामं, देशात, परदेशात, मिळंल तिथं. कायमची जागा मिळंपर्यंत डोक्याचे केस पिकतात. सगळ्यांना मिळत न्हाय. हे आत्ताच ऐकून ठेवा, नंतर मला शिव्या देऊ नका.”

“मंग मधीच गळालं तर?” मागच्या बाकावरून एकानं विचारलं.

“गळालं तरी हातात काम असतं. प्रोग्रॅम लिहिता येतो, आकड्यांच्या ढिगातून खरं काय ते काढता येतं, उपकरण जुळवता येतं. त्याला बाहेर मागणी हाय. आणि दुर्बिणीला डोळा लावून बसायची स्वप्नं बघू नका. आता सगळे कॉम्प्युटरपुढं बसतात.”

“आन्‌ सर, तुमी कितव्या पायरीवर गळालाव?”

वर्ग हसला. सरही हसले. “पहिल्याच. ती परीक्षा असती हेच मला एमएस्सी झाल्यावर कळलं.”

मग त्यांनी फळ्यावरच्या पहिल्या पायरीखाली दोन रेघा ओढल्या.

जानेवारीत सरांनी आम्हा दोघींना एक जाहिरात मोबाईलवर दाखवली. एका मोठ्या संशोधन संस्थेत उन्हाळ्यात सहा आठवडे. खऱ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली, खऱ्या दुर्बिणीच्या नोंदींवर काम. राहणं-खाणं त्यांचं. सर म्हणाले, “ह्या सहा आठवड्यांत जे कळतं ते आपल्याकडं तीन वर्षांत कळत न्हाय. दोघीबी भरा.” फॉर्ममध्ये एक अट होती: विद्यार्थ्याला शिकवलेल्या आणि त्याचं काम जवळून बघितलेल्या शिक्षकाचं पत्र.

मैत्रिणीनं काय केलं? येरमाळ्याच्या फाट्यावर गाडीची वाट बघताना सरांना म्हणाली, “सर, तेवढं माझं लिहून टाका की.” आणि सरांनी तिथंच, पानटपरीच्या बाकावर बसून, मोबाईलवर लिहून पाठवून दिलं.

मी काय केलं ते ऐका.

मी शिपायाची पोरगी. आमच्या घरात कागद आला की आण्णा तो उजेडात धरून आधी खालचा कोपरा बघतात. “शिक्का कुठाय? बिनशिक्क्याचा कागद सायेब हातात तरी घेतो का?” त्यात मी संघटनेची. निवेदन द्यायचं तर जावक क्रमांक घालून, पोच घेऊन, हे मी ज्युनियर पोरांना शिकवत होते. मला वाटलं, एवढी मोठी संस्था, तिथं तासिकेवरच्या माणसाच्या मोबाईलवरच्या चार ओळींना कोण विचारणार? उद्या म्हणतील, हा कोण? कॉलेजचा तर नाही. मी सरांना तोंडावर विचारलं, “सर, तुम्ही परमनंट नाहीत ना. मग तुमचं पत्र चालेल का? मी पदभारवाल्या सरांचं घेतलं तर?”

सरांनी हाताला लागलेला खडू पुसला. मग म्हणाले, “घे. तुला योग्य वाटतं तसं कर.”

त्यांना लागलं असेल का, हे माझ्या तेव्हा मनातही आलं नाही.

पदभारवाले सर म्हणाले, “ऑफिसातून टाइप करून आण, मी सही करतो.” ऑफिसातले भाऊसाहेब म्हणाले, “फॉरमॅट हाय आपल्याकडं.” आणि त्यांनी कॉम्प्युटरवरचं जुनं पत्र उघडून त्यात माझं नाव घातलं. ‘सदर विद्यार्थिनी ही या महाविद्यालयात शिकत असून तिची वर्तणूक समाधानकारक आहे. ती गरीब, होतकरू व आज्ञाधारक आहे. तिच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ ह्याचंच त्यांनी इंग्रजी केलं. फॉर्ममध्ये एक रकाना होता, विद्यार्थ्याचं काम तुम्ही किती काळ बघता आहात? तिथं त्यांनी लिहिलं, ‘कार्यालयीन नोंदीनुसार’. खाली सही, जावक क्रमांक, गोल शिक्का. शिक्का असा ठसठशीत उमटला की भाऊसाहेब स्वतःच म्हणाले, “बघा, कसा आलाय!” मी खूश. मी तो कागद आण्णांना दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला आणि मान हलवली.

एप्रिलमध्ये मी तेरच्या गाडीत उभी होते तेव्हा तिचा फोन आला. “अगं झालं! झालं माझं! तुझं बघितलंस का? बघ की लवकर!” मी एका हातानं दांडा धरून दुसऱ्या हातानं बघितलं. माझं झालं नव्हतं. मी म्हटलं, “अभिनंदन.” ती म्हणाली, “तुझंबी यील, दुसरी यादी असती.” दुसरी यादी नसते हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

मी खोटं लिहिणार नाही. मला दुःख नंतर झालं. आधी हेवा वाटला. मला ती गाडी, ती मावशी, ती तेरची कमान, सगळं नकोसं झालं. रीडिंग माझं नीट येत होतं. मार्क माझे जास्त होते. रेघ तिला आधी दिसली म्हणून काय झालं?

देवीची चैत्री यात्रा सरली, प्रथेप्रमाणं चुनखडीचे खडे वेचायला आलेली भाविकांची गर्दी ओसरली, तेव्हा तिनं मला येरमाळ्याला बोलावलं. तिच्या वडिलांनी दुकानातून उठून मला खुर्ची दिली. “बसा ताई. तुमच्या संगतीनं शिकली पोरगी. न्हायतर आमाला कुठलं आलंय ते.” आणि माझ्या हातात पेढ्यांचा अख्खा पुडा ठेवला. “आण्णांस्नी बी द्या.” मी तो पुडा घेऊन गाडीत बसले. घरी नेला नाही. स्टँडवर एका बाईच्या लेकरांना देऊन टाकला. दानधर्म नव्हता तो. मला तिचे पेढे माझ्या घरात नको होते.

मग मे महिन्यात फोटो यायला लागले. गळ्यात ओळखपत्र. मागं पांढरा घुमट. जेवणाच्या ताटात भात आणि सांबार, आणि बाजूला कुठकुठली पोरंपोरी. मी ओळखपत्राचा फोटो दोन बोटांनी मोठा करून त्यावरचं बारीक अक्षर वाचायचा प्रयत्न करायचे. एकदा तिनं लिहिलं, ‘आज पहिल्यांदा खऱ्या ताऱ्याचा वर्णपट माझ्या प्रोग्रॅममधून काढला. सोडियमची रेघ त्यातबी हाय.’ तिनं हे मला लिहिलं, कारण हे कळणारी मी एकटीच होते तिच्या ओळखीत. मी ते वाचलं आणि उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी एक अंगठा पाठवला.

संघटनेची आमची खोली एका झेरॉक्सच्या दुकानावर आहे. तिथं बसून, मेच्या भर दुपारी, मी ते निवेदन लिहिलं. विषय: शिफारसपत्रे देताना होत असलेला पक्षपात. ‘काही तासिका तत्त्वावरील अध्यापक महाविद्यालयाची परवानगी न घेता, विभागप्रमुखांना अंधारात ठेवून, मर्जीतील विद्यार्थ्यांना परस्पर शिफारसपत्रे देत आहेत. यामुळे नियमाने जाणाऱ्या गुणवंत व गरजू विद्यार्थ्यांवर घोर अन्याय होत आहे.’ लिहिताना हात कसा चालत होता म्हणून सांगू! इतकं सुरेख निवेदन मी आधी कधी लिहिलं नव्हतं. ‘परस्पर’ हा शब्द सुचला तेव्हा मला बरं वाटलं होतं. मी जिच्यावर जळत होते तिचं नाव त्यात कुठंच नव्हतं. सरांचंही नव्हतं. मी स्वतःला म्हटलं, हा तत्त्वाचा मुद्दा आहे.

सह्या मी कँटीनमध्ये आणि लायब्ररीच्या पायरीवर गोळा केल्या. आमच्याकडं सही मागितली की माणूस आधी सही करतो, मग विचारतो कशाची होती. ह्याचा मला अभिमान वाटायचा, लोकांचा आपल्यावर विश्वास म्हणून. इतिहासाचा एक जण चहा पिता-पिता म्हणाला, “तू लिवलंयस ना? मग बरोबरच असंल. कुठं करू, हितं?” एकानं वाचलं आणि डोळा मिचकावला. “आस्सं! एकाच गाडीनं येत्यात म्हणं ती दोघं.” मी त्याला गप्प बस म्हणायला हवं होतं. दोघं एकाच गाडीनं येतात, कारण त्या बाजूला सकाळी एकच गाडी आहे. हे मला माहीत होतं. मी त्याच्यापुढं पेन धरला.

एकवीस सह्या झाल्या. भाऊसाहेबांनी पोच दिली.

आणि जूनमधल्या त्या सोमवारी यादी लागली. फिजिक्सपुढं लिहिलं होतं, ‘व्यवस्था होईपर्यंत पदभारी विभागप्रमुखांकडे’. मी ऑफिसात गेले. भाऊसाहेब, फिजिक्सचं नाव राहिलंय, म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

“राहिलं न्हाय. तुमचंच निवेदन जोडलंय की फाईलला. प्राचार्य सायेब म्हणाले, वाद नको. विद्यार्थ्यांचीच तक्रार हाय म्हणल्यावर कोण घेतंय त्यांना?”

“पण मी नाव कुठं लिहिलंय?”

“तासिकेवर फिजिक्सला दुसरं कोण होतं ताई?”

सर बाहेर पिंपळाच्या पारावर बसले होते. त्यांना यादी आधीच कळली असावी. मला बघून ते उठले नाहीत, तोंडही फिरवलं नाही.

“निवेदन वाचलं मी,” ते म्हणाले. “भाऊसाहेबांनी दाखवलं. भाषा चांगली हाय तुझी.”

मी पारापाशी उभी राहिले.

“एक सांगू? लिहायचं होतं तर नाव लिहायचंस. ‘काही अध्यापक’ म्हणं. काही कुठंत? मी एकटाच होतो.”

“सर, माझ्या पत्रात तुम्ही काय लिहिलं असतं?” हे मी विचारलं. अशा वेळी हेच विचारलं. माफी मागायची सोडून.

“आता कशाला?” ते म्हणाले. पिशवी खांद्याला अडकवली आणि कळंबची गाडी धरायला स्टँडकडं गेले.

जूनच्या शेवटी मैत्रीण परत आली. रिक्षात बसल्या-बसल्या तिनं विचारलं, “सर का न्हायत गं यादीत?” मी सांगितलं. सगळं, गाडीतल्या त्या फोनपासून. पेढ्यांचंही सांगितलं. तिनं रिक्षा मधेच थांबवली.

“माझा राग आला होता, तर मला चार शिव्या द्यायच्या होत्यास. झिंज्या उपटायच्या. त्या माणसाचे तास कशाला काढलेस?”

“मला वाटलं नव्हतं...”

“तुला सगळं वाटलं होतं. एवढी निवेदनं लिवतीस, कोणता कागद कुठं जातो तुला मालूम न्हाय व्हय?”

ती चालत गेली. चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी माझ्याच बाकावर येऊन बसली, कारण तिसऱ्या वर्षाचा क्वांटमचा पहिला तास होता आणि वर्गात कुणीच आलं नव्हतं. बारा जण आम्ही रिकाम्या फळ्याकडं बघत बसलो. मग तिनं हळूहळू तिथलं सांगायला सुरुवात केली. तिला ज्यांच्या हाताखाली काम मिळालं ते तीन वर्षांच्या कराराचे होते, आणि ती तीन वर्षं संपत आली होती. “दुपारी जेवताना सगळे तेच बोलत्यात गं. पुढं कुठं अर्ज टाकायचा. तिथंबी निम्मे लोक यादीची वाटच बघायलेत.” मला हे ऐकून समाधान वाटायला हवं होतं. नाही वाटलं. त्यातही हेवाच वाटला. त्यांच्या कराराला निदान दुर्बीण तरी आहे.

हेवा अजून आहे. ती आता त्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करते आहे, आणि मलाही करायला लावते आहे. तिचा प्रोग्रॅम चालला की तो आजही वर येतो. तो जाईल तेव्हा जाईल. त्याच्यापायी बारा जणांचं तिसरं वर्ष आणि एका माणसाचा हक्काचा वर्ग मी जाऊ देणार नाही.

म्हणून मी ऑफिसात गेले आणि म्हटलं, निवेदन मागं घ्यायचंय. भाऊसाहेबांनी फाईल काढली, सह्या मोजल्या.

“एकट्यानं कसं मागं घेणार ताई? अर्ज एकवीस जणांचा हाय. सगळ्यांनी येऊन लिहून द्यावं लागंल, की तक्रार न्हाय म्हणून. मग सायेबांपुढं ठेवतो. दुसरी यादी व्हायचीय अजून, तिच्यात बसलं तर बसलं.”

मी त्यांना विचारलं, तक्रार करताना तर सह्या कँटीनमध्ये घेतल्या होत्या, तेव्हा कुणाला प्रत्यक्ष का बोलावलं नाही? ते म्हणाले, “तक्रारीला लागत न्हाय.” हा नियम कुठं लिहिलाय ते मी शोधणार आहे. पण तो वाद आज करत बसले तर दुसरी यादी निघून जाईल.

मी दारोदार जाते आहे. सात जणांनी लिहून दिलं. आठवी मी. इतिहासाचा तो चहा पिणारा पहिला आला, म्हणाला, “मला वाटलं फी-वाढीचं हाय.” ज्यानं डोळा मिचकावला होता तो फोन उचलत नाही. दोघं पुण्याला कामाला गेले. बाकीचे म्हणतात, एका सहीनं काय होतंय. एकवीसांनी काय झालं ते बोर्डावर अजून लावलेलं आहे, जाऊन बघा.

सरांकडं मी गेले होते. ते कळंबच्या बाजूच्या कॉलेजात तीन दिवस शिकवतात, उरलेले तीन दिवस एका खासगी क्लासमध्ये आठवीच्या पोरांना गणित. म्हणाले, “दुसऱ्या यादीत नाव आलं तर यीन मी.” तेवढंच म्हणाले. माफीचं मी बोलले, ते त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यावर काही म्हटलं नाही. तो त्यांचा अधिकार आहे.

तर, राहिलेल्या तेरा जणांनो, हे तुमच्यासाठी आहे. आणि तुम्ही त्या तेरांतले नसाल, पण तुमचा मुलगा, पुतणी, भाडेकरू पोरगा आमच्या कॉलेजात असेल, तर आज जेवताना त्याला विचारा: मेमध्ये सही केली होतीस का? हो म्हणाला तर त्याला घेऊन या. मला शिव्या द्यायच्या असतील तर तिथं द्या, मी दारातच उभी असेन. येत्या गुरुवारी दुपारी दोन वाजता कॉलेजच्या ऑफिसपुढं या. निरोप पाठवू नका. स्वतः या.